चुडामणआबांची उठल्याची वही

आमच्या संघात चुडामणआबांनी खुर्चीवरून उठवला नाही असा एकही कारकून नव्हता. संध्याकाळचे पावणेसहा झाले, की हा उंच, वाळक्या अंगाचा माणूस टोपी घट्ट बसवून, काखेत लाल पुठ्ठ्याची वही मारून निघायचा आणि टेबलाटेबलाशी थांबून विचारायचा, "झालं का? उठता ना?" आपण हो म्हटलं की आबा स्क्रीनकडे बघायचे. आपण खरोखर बाहेर पडलो आहोत याची खात्री झाली, की वही पुढे यायची. नाव, वेळ, सही. या वहीला आम्ही उठल्याची वही म्हणत असू, आणि आबांना, ते खोलीबाहेर गेल्यावर, यमाजीपंत.

संघ जळगावचा, केळी उत्पादकांचा. कोणाच्या बागेची कटाई कोणत्या दिवशी आणि कोणाचा माल कोणत्या वॅगनमध्ये, हे ठरवणं हे त्याचं मुख्य काम. केळी म्हणजे नवरदेवासारखी. तयार झाली की थांबायला तयार नाही. त्यामुळे रावेरपासून चोपड्यापर्यंतचे सव्वीसशे सभासद ज्या एका गोष्टीवर डोळा ठेवून असत, ती म्हणजे पाळीची यादी. ही यादी आधी हिशेबाच्या चोपड्यांत हाताने लिहिलेली होती. एकोणनव्वद साली ती कॉम्प्युटरवर गेली.

कॉम्प्युटर म्हणजे एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेली पाच टेबलं. चार ऑफिसात, पाचवं अंगणापलीकडे वजनकाट्याच्या खोलीत. तिकडे जाणारी वायर कडुनिंबाच्या फांदीवरून नेली होती आणि तिच्यावर बसून कावळे संघाच्या कारभारावर मत द्यायचे. यादी मोठ्या यंत्रात, आणि पाचही जण एकाच वेळी तिच्यात हात घालणार. मोठ्या यंत्राला एसी होता. जळगावच्या मे महिन्यात संचालकांना कूलर आणि यंत्राला एसी, म्हणून त्या खोलीत जायला प्रत्येकाकडे काही ना काही तातडीचं काम असे.

या खोलीची राखण आबांकडे होती. मूळचे नरडाण्याकडचे. शाळा सातवीपर्यंत. संघात येण्याआधी त्यांची ख्याती वेगळीच होती: शिंदखेडा तालुक्यातल्या लग्नांत पंगत सांभाळावी तर चुडामणने. पाचशे माणसं मांडवात, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार, आणि एकाही पानावर काही कमी पडलं म्हणून कोणी रुसलं नाही. पुण्याच्या कंपनीच्या माणसाने यंत्र बसवल्यावर आम्हा शिकलेल्यांना दोन तास समजावलं, की कोणी यादीत लिहीत असताना यंत्र बंद केलं तर अर्धं लिहिलेलं अर्धंच राहतं आणि सगळ्या यादीचा विस्कोट होतो. आम्ही मान डोलावली. आबा दाराशी उभे होते. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत पत्रावळ उचलायची नाही, असंच ना?"

पुण्याचा माणूस पहिल्यांदाच दाराकडे वळला. मग म्हणाला, "असंच."

त्या दिवसापासून आबांसाठी आम्ही पाच टेबलं नव्हतो, पाच पानं होतो.

बंद करण्याची सोय यंत्रातच होती. आबांनी मोठ्या यंत्रावर चार अक्षरं टाइप केली, की आमच्या स्क्रीनच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ यायची: काम आटपा, बाहेर पडा. ती ओळ घालवायला दोन कळा एकदम दाबाव्या लागत. महिन्याभरात आम्ही सगळे त्या दोन कळा दाबायला शिकलो. वाचायला कोणीच शिकलं नाही. म्हणून आबा स्वतः फिरत. टेबलं फिरून झाली की परत मोठ्या यंत्रापाशी जाऊन किती जण आत आहेत तो आकडा बघत. शून्य आला, की यादीची नक्कल फ्लॉप्यांवर घेत, आणि मग, समईची वात मागे घ्यावी तसं, यंत्र बंद करत.

एकदा आकडा शून्य येईना. सगळ्यांच्या सह्या झालेल्या आणि आत एक जण दिसतोय. तो मी होतो. घाईत सही ठोकली आणि स्क्रीन तशीच चालू ठेवून घरी गेलो. त्या दिवशी माझ्याकडे धरणगावकडच्या चाळीस सभासदांचं काम अर्धवट उघडं होतं. आबा सायकलवर माझ्या घरी आले. मी नुकताच ताटावर बसलो होतो.

"चला, येतो," मी ओशाळून उठू लागलो.

"बसा भाऊ. जेवून घ्या. मी ओट्यावर थांबतो."

"आबा, तुम्हीच का नाही बंद केलं? एक कळ तर दाबायची."

"तुमच्या पानात काय उरलंय ते मला काय माहीत?" ते म्हणाले.

मी जेवलो, हात धुतले, त्यांच्या सायकलवर मागे बसून ऑफिसात गेलो आणि धरणगाव पुरं करून बाहेर पडलो. त्यांनी वहीतली माझी आधीची सही खोडली आणि शेजारी नवी घेतली, नव्या वेळेसकट. ही गोष्ट मी पुढे वर्षभर रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. आबाही हसायचे.

एवढं सगळं करणारा हा माणूस संघाच्या दफ्तरी "परिचर, रोजंदारी" होता. चौदा वर्षं. दर वर्षी मार्चअखेर त्यांना सांगितलं जाई, यंदा कायम करू. व्यवस्थापक मोतीलालजी हे वाक्य इतक्या प्रेमाने म्हणत, की ऐकणाऱ्याला कायम झाल्यासारखंच वाटावं. आबांच्या घरी त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, देव्हाऱ्यापाशी एक नारळ ठेवला होता, कायम झाल्यावर फोडायला. चौदा वर्षांत त्यांनी तो किती वेळा बदलला ते त्यांनाच ठाऊक. रोजंदारी म्हणजे ताप आला की त्या दिवसाचा माणूस हजेरीतून वजा, आणि आबांना पन्नाशी दिसू लागली होती.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये अखेर पत्र तयार झालं. मी ते पाहिलं होतं; मीच टाइप केलं होतं. संघ नवीन यंत्रणा घेणार होता, जुनं यंत्र विधिपूर्वक बंद करून नवं सुरू करायचा समारंभ होता, आणि त्याच व्यासपीठावर अध्यक्ष नानासाहेबांच्या हस्ते चुडामणआबांना कायम नेमणुकीचं पत्र मिळणार होतं. लिफाफा मोतीलालजींच्या खणात होता.

आता उद्घाटनं आपण पुष्कळ पाहिली आहेत. पण बंद करण्याचा समारंभ आमच्या संघानेच काढला. पत्रिकेवर छापलं होतं: "जुन्या संगणकाचे विसर्जन मा. अध्यक्षांचे शुभहस्ते." मुहूर्त अकरा वाजून चोवीस मिनिटं. मोतीलालजींनी तो स्वतः काढून आणला होता.

अडचण वेगळीच होती. मेच्या शेवटी वादळाने यावल-रावेरकडे केळी आडवी पाडली होती. पडलेल्या बागांची कटाई आधी करायची, म्हणजे सगळ्यांच्या पाळीचे नंबर बदलायचे. हे काम काट्याच्या खोलीतल्या बेबाबाई करत होत्या. बेबाबाई सावद्याच्या, विधवा, दोन मुलं, आणि हात असा, की टाइप करताना वाटे कोणी तांदूळ पाखडतंय. पडलेल्या बागा यादीत वर घेऊन त्यांनी सकाळी दहाला सव्वीसशे नंबर नव्याने लावायचं काम यंत्राला दिलं. ते यंत्र एकेक नंबर बदलत निघालं. पुरं व्हायला दोन तास लागणार होते.

आबांनी हे मोतीलालजींना दहालाच सांगितलं. मी तिथे होतो.

"साहेब, बाराच्या आत बेबाबाईंचं काम होत नाही."

"आबा, मुहूर्त अकरा चोवीसचा."

"मग मुहूर्त पुढे घ्या."

"मुहूर्त काय एसटी आहे का, पुढची घ्यायला? तुम्ही आज नवे कपडे घातलेत, आनंदात राहा."

आबांनी खरंच नवे कपडे घातले होते. मंजुळाबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या, पिशवीत नारळ.

अकरा वाजता पूजा सुरू झाली. मोतीलालजींचा हुकूम, जुन्या यंत्राचं जे जे काही ते सगळं पाटावर मांडा. कीबोर्ड आला, प्रिंटरची फीत आली, आणि फ्लॉप्यांचा डबाही आला. त्या आठ फ्लॉप्यांवर शनिवारपर्यंतच्या यादीची नक्कल होती. आबा म्हणाले, डबा बंद राहू द्या. गुरुजी म्हणाले, झाकणाची पूजा होत नाही. फ्लॉपीला पोटात एक उघडी फट असते, तिच्यातून आतली काळी चकती दिसते. गुरुजींचा हात सढळ होता. हळद, कुंकू, अक्षता, आणि वर नारळाचं पाणी. आठही फ्लॉप्या सौभाग्यवती झाल्या.

अकरा तेवीसला नानासाहेब मोठ्या यंत्रापुढे बसले. आबांची वही उघडी होती. चार टेबलांच्या सह्या झाल्या होत्या, माझ्यासकट. पाचवी जागा रिकामी.

"साहेब, अजून एक पान बठेल शे," आबा म्हणाले. घाबरले की त्यांच्या तोंडून घरची बोली यायची. "बेबाबाई उठेल नई अजून."

"मग उठवा," नानासाहेब हसले. लोकही हसले.

आबा अंगणाकडे पळाले. खरोखर पळाले, पांढऱ्या धोतरात, टोपी हातात. ते काट्याच्या खोलीशी पोचायच्या आत इकडे मोतीलालजींनी बंद करायची अक्षरं टाइप केली होती. यंत्र इमानी होतं. त्याने स्क्रीनवर स्वच्छ इंग्रजीत विचारलं: फाइली उघड्या आहेत, कोणी तरी आत आहे, तरीही बंद करायचं का, हो की नाही?

"काय विचारतंय?" नानासाहेबांनी चष्मा शोधत विचारलं.

"परवानगी मागतंय, साहेब," मोतीलालजी म्हणाले.

"दिली," नानासाहेब म्हणाले, आणि मोतीलालजींनी दाखवलेली कळ दाबली. टाळ्या झाल्या. सनईची कॅसेट लागली.

आबा परत आले तेव्हा यंत्र गार पडत होतं. त्यांनी काहीही आरडाओरड केली नाही. वही उघडली आणि नानासाहेबांपुढे धरली. "साहेब, बंद करणाऱ्याची सही लागते." नानासाहेबांना वाटलं, ही अभिप्रायाची वही. त्यांनी आनंदाने लिहिलं, "फार उत्तम कार्य. शुभेच्छा," खाली लांबलचक सही, आणि आबांनी बोट ठेवलं तिथे वेळ: ११.२४.

लिफाफा त्या दिवशी खणातच राहिला. सत्कार बरेच होते, वेळ कमी पडला.

दुसऱ्या दिवशी नव्या यंत्रात जुनी यादी भरायला घेतली तर अठराशेच्या आसपास नंबर नवे आणि पुढचे जुने. एकाच पाळीवर दोन-दोन माणसं, आणि काही माणसं कुठेच नाहीत. फ्लॉप्या आत घातल्या तर नवं यंत्र शिंकल्यासारखा आवाज करून थांबायचं. पाच दिवस वॅगनी अर्ध्या रिकाम्या गेल्या, आणि वादळात पडलेल्या बागा होत्या तिथेच पिकल्या. रावेरकडचे धनसिंग नावाचे सभासद आले आणि त्यांनी पिवळाधमक घड काउंटरवर ठेवला.

"ही आमची पाळी," ते म्हणाले. "आली. खा."

घड तिथेच राहिला. कोणी हात लावला नाही. आठवडाभर ऑफिसला गोड वास येत होता.

चौकशी बसली. तीन संचालक, तिघेही समारंभात पुढच्या खुर्च्यांवर टाळ्या वाजवणारे. पुण्याच्या कंपनीने लिहून दिलं, की यंत्राचा काही दोष नाही. नवीन यंत्रही त्यांच्याकडूनच घेतलं होतं, त्यामुळे या बाबतीत त्यांचं मत पक्कं होतं. मुहूर्ताचा दोष असू शकत नाही. नानासाहेबांचा असण्याचा प्रश्नच नव्हता. उरलं कोण?

मोतीलालजींनी आबांना आपल्या खोलीत बोलावलं. मी फाइली घेऊन आत होतो. त्यांनी मला जायला सांगितलं नाही, कारण मला ते कपाटासारखं समजत.

"आबा, तुमच्या वहीत बेबाबाईंची जागा रिकामी आहे."

"आहे."

"तिथे त्यांची सही घ्या. मागली वेळ टाका. अकरा वीस."

"बेबाबाई अकरा वीसला उठल्या नव्हत्या."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. वहीला काय माहीत? त्या उठल्या होत्या म्हटलं, म्हणजे काम अर्धं टाकून उठल्या. चूक झाली बाईंकडून. तुमच्याकडे काही येत नाही." मोतीलालजींनी खण उघडला, लिफाफा टेबलावर ठेवला आणि खण बंद केला. "हे तुमचं आहे. आजच घेऊन जा."

आबा लिफाफ्याकडे बघत होते. टेबलावरचा पंखा लिफाफ्याचं एक टोक उचलायचा आणि सोडायचा.

"जेवणारा बठेल शे, आणि मी लिखू तो उठना?" ते हळूच म्हणाले, जणू मोतीलालजींना नव्हे, स्वतःला विचारत होते. मग नीट मराठीत म्हणाले, "नाही जमायचं, साहेब."

लिफाफा परत खणात गेला.

मग वही चौकशी समितीने "सुरक्षिततेसाठी" ताब्यात घेतली. आबांनी पावती मागितली. त्यांना सांगण्यात आलं, घरच्या माणसांत पावत्या नसतात. चार दिवसांनी एक जबाब टाइप झाला. त्यात होतं: समारंभाच्या वेळी परिचर चुडामण यांनी "सर्व जण बाहेर आहेत, बंद करायला हरकत नाही" असं सर्वांसमक्ष सांगितलं. खाली पाच टेबलांसाठी पाच जागा.

बेबाबाईंना बोलावून सांगण्यात आलं, की एक तर तुम्ही नाही तर तो. त्या जबाब हातात घेऊन अंगणात आल्या आणि आबांपुढे उभ्या राहिल्या. कागद पुढे केला.

आबांनी कागद वाचला. सातवी शिकलेला माणूस, सावकाश वाचला.

"सही करी टाक, बहीन," ते म्हणाले. "तुले दोन लेकरं शेतस."

बेबाबाईंनी सही केली आणि सांडलेल्या शाईवर पदर टेकला. पुढे किती तरी दिवस त्या त्याच निळ्या डागाचं लुगडं नेसून येत. नवं घ्यायची ऐपत नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे.

उरलेल्या चौघांना आबांनी काही सांगितलं नव्हतं. आमच्यापुढे कागद आला, आणि आमच्या बोटांनी, त्या दोन कळा दाबाव्यात तशा, सह्या करून टाकल्या. तिघं पुढे म्हणत राहिले, की आम्ही वाचलंच नव्हतं. मला तीही सोय नव्हती. तो जबाब मीच टाइप केला होता.

पुढल्या सोमवारी आबांची हजेरी बंद झाली. रोजंदारीच्या माणसाला काढावं लागत नाही. नुसतं नाव पुकारायचं नाही. वही कधीतरी परत रेकॉर्डला आली. त्यातली जूनची पानं नव्हती. मोतीलालजी म्हणाले, वाळवी. संघाच्या वाळवीला महिने वाचता येत असावेत. मोठं यंत्र भंगारात गेलं. नव्या यंत्राला म्हणे सगळे बाहेर पडल्याची वाट बघावी लागत नाही, ते आपलं आपण सांभाळतं. पहिल्याच वर्षी त्याने तीनदा यादी खाल्ली. तिन्ही वेळा दोष विजेचा निघाला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका लग्नाला नरडाण्याला गेलो. स्टेशनाजवळच्याच मांडवात दुपारची पंगत बसली होती. मी मधल्या ओळीत जागा धरली. बट्टी आली, वरण आलं, आणि तुपाचं भांडं घेऊन येणाऱ्या माणसाचे पाय मला आधी दिसले. मग टोपी.

"भाऊ," चुडामणआबा म्हणाले, आणि तूप वाढलं. जास्तच वाढलं.

"आबा, बरं आहे ना?"

"बरं शे. मंजुळा बी बरी. लग्नसराईत चार महिने कामच काम." ते पुढच्या पानाकडे गेले.

मला काही सांगायचं होतं. तीन वर्षं ते मी मनात टाइप करत होतो. आजूबाजूची माणसं भराभर जेवत होती, कारण बाहेर दुसरी पंगत ताटकळत होती. शेजारच्यांचं आटपलं. समोरची ओळ आटपली. माझ्या पानात बट्टी तशीच होती. मी वरणात बोट फिरवत होतो. मांडवाच्या दारातून यजमान ओरडले, "चला हो आबा, उठवा पंगत, माणसं उन्हात उभी आहेत."

"एक पान बाकी शे," आबांनी तिकडूनच सांगितलं.

दोनशे माणसं खरकट्या हातांनी माझ्याकडे बघत बसली. आबा ओळीच्या टोकाशी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे, माझ्या ओट्यावर थांबले होते तसे. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी उठलो असतो.

"सावकाश जेवा, भाऊ," ते म्हणाले. "बठ्ठा थांबतीन, सगळे."

मी खाली मान घालून बट्टी मोडत राहिलो.